वाचक विचारतात : कामाच्या वेळेची रोजकीर्द

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच तक्रारीची आहेत : दिवस भरून जातो, अंग दमते, पण संध्याकाळी हाती काय लागले ते सांगता येत नाही. म्हणून या वेळचे सदर कामाच्या वेळेची साधी, रोजची नोंद कशी ठेवावी या एकाच विषयाला दिले आहे. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

प्रश्न : लातूरच्या मोंढ्यात एका आडत दुकानावर मी दिवाणजी आहे. सकाळी दहाला बसतो तो रात्री आठलाच उठतो, तरी आदल्या दिवसाची कीर्द रोज मागे राहते. फोनच इतके येतात की लिहायला सवड मिळत नाही. मालक विचारतात, "दिवसभर काय केलं?" आणि मला सांगता येत नाही. वेळ नोंदवण्याचे एक ॲप मोबाईलवर घेतले होते. त्यात प्रत्येक कामाचा प्रकार निवडावा लागे, म्हणून चार दिवसांत सोडून दिले. मग एक दिवस साध्या वहीत लिहून पाहिले. ते पान सोबत पाठवत आहे. पुढे काय करावे?

उत्तर : आधी ॲपविषयी, कारण तेथे आपला दोष नव्हता. नोंद करताना प्रत्येक वेळी 'हे कोणत्या प्रकारचे काम?' असे ठरवायला लावणारी पद्धत सहसा टिकत नाही, मग ती मोबाईलवर असो की छापील तक्त्यावर. आपल्या धंद्याने ही अडचण फार पूर्वी सोडवून ठेवली आहे. व्यवहार ज्या क्रमाने घडतात त्या क्रमाने ते रोजकीर्दीत उतरतात आणि कोणत्या खात्यावर काय गेले याचा मेळ नंतर, सवडीने, खतावणीत घातला जातो. वेळेच्या बाबतीतही हेच करावे : दिवसा फक्त कीर्द, आणि खतावणी आठवड्यातून एकदा, मोंढा बंद असेल त्या दिवशी.

या कीर्दीला तीन रकाने पुरतात. काम सुरू झाल्याची वेळ, दोन-तीन शब्दांत कामाचे नाव, आणि ते काम कोणामुळे सुरू झाले. संपल्याची वेळ लिहू नये. पुढच्या कामाची सुरुवात हाच मागच्या कामाचा शेवट असतो, आणि त्यामुळे लिहिण्याचे काम निम्मे होते. मिनिटे पाचाच्या पटीत धरली तरी चालते. तिसरा रकाना मात्र गाळू नये, कारण आपण स्वतःहून हाती घेतलेले काम कोणते आणि दुसऱ्याच्या हाकेसरशी उठून केलेले काम कोणते, हे फक्त तोच सांगतो.

आता आपले पान. त्यातला सकाळचा भाग येथे उतरवून घेतो (पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या विकलेल्या मालाच्या हिशेबाची चिठ्ठी). १०.१० कालच्या पट्ट्यांची कीर्द, नऊ पट्ट्या झाल्या, १०.२५ फोन, औशाचे शेतकरी, पैसे कधी मिळणार, १०.३० कीर्द, चार पट्ट्या, १०.४० मालकांनी बँकेतल्या भरण्याची स्लिप मागितली, शोधाशोध, ११.०५ कीर्द, चार पट्ट्या, ११.१५ हमालांची उचल, ११.२० फोन, पुन्हा पैसे कधी, ११.२५ कीर्द, सतरा पट्ट्या, ११.५० सौद्याला.

पत्रात आपण सारा दोष फोनला दिला आहे. पान तसे म्हणत नाही. या शंभर मिनिटांत फोन दोनच आले आणि दोन्ही मिळून दहा मिनिटे गेली. एका स्लिपने मात्र पंचवीस मिनिटे घेतली, आणि ती शेवटी पट्ट्यांच्याच गठ्ठ्यात सापडली असे आपणच समासात लिहिले आहे. कीर्दीच्या वाट्याला एकूण एक तास आला, तो चार तुकड्यांत. त्या तुकड्यांतल्या पट्ट्यांचे आकडे अधिक बोलके आहेत. दहा मिनिटांच्या तुकड्यात चार पट्ट्या होतात, तर सलग पंचवीस मिनिटांत सतरा. त्याच संथ गतीने गेले असते तर दहाच झाल्या असत्या. हात थांबला की पुन्हा ओळ शोधणे, पट्टी जुळवणे, बेरीज कुठवर आली होती ते आठवणे, यांत जाणारा वेळ घड्याळात वेगळा दिसत नाही, तो या आकड्यांत दिसतो. आपण पट्ट्या मोजून लिहिल्या ही या पानातली सर्वांत उपयोगाची गोष्ट आहे, आणि ती कोणी न सांगता केलीत.

असा चकवा आपल्यालाच बसला असे नाही. व्यवस्थापनाचे अभ्यासक पीटर ड्रकर यांनी १९६७ साली एका कंपनीच्या अध्यक्षांची हकीकत नोंदवली आहे. आपला वेळ वरिष्ठ सहकारी, मोठे ग्राहक आणि सार्वजनिक कामे यांत साधारण सारखा वाटला जातो, अशी त्या गृहस्थांची पक्की खात्री होती. सहा आठवड्यांची प्रत्यक्ष नोंद झाली तेव्हा या तिन्हींना जवळपास काहीच वेळ मिळत नसल्याचे दिसले. त्यांचे बहुतेक तास ओळखीच्या ग्राहकांच्या मालाचा पाठपुरावा करण्यात आणि त्यासाठी कारखान्याला फोन लावण्यात जात होते. ड्रकर यांचा आग्रह त्यामुळेच असा की नोंद काम घडत असतानाच व्हावी, रात्री आठवून नव्हे. रात्रीच्या आठवणीत दिवसातला सर्वांत त्रासाचा भाग फुगतो. आपल्या बाबतीत तो फोन होता.

तरीही एक पान म्हणजे एक दिवस. आणखी दोन-तीन आठवडे असेच लिहावे आणि आठवड्याच्या खतावणीत मोजकीच खाती धरावीत : कीर्द व हिशेब, सौदा व तोल, पैसे देणेघेणे, शोधाशोध, इतर. 'शोधाशोध' हे खाते मुद्दाम वेगळे ठेवावे. ते दर आठवड्याला मोठे निघाले तर उपाय फोन बंद करण्याचा नाही, बँकेच्या स्लिपांची एक वेगळी फाईल करण्याचा आहे, आणि तो मालकांच्या परवानगीवाचूनही होतो.

फोनविषयी एवढेच सांगतो की पैशांसाठी विचारणारा शेतकरी उपद्रव देत नाही. त्याने सोयाबीन घातले आहे आणि पैसे त्याचे आहेत. तयार झालेल्या पट्ट्यांची यादी रोज ठरलेल्या वेळी दुकानाच्या दर्शनी भागात लावली किंवा व्हॉट्सॲपवर पाठवली, तर त्यालाही विचारावे लागणार नाही. मालकांपुढे ही वही बचाव म्हणून ठेवू नये. खतावणीतून निघालेली एकच मागणी ठेवावी : सौद्याआधीचा एक तास सलग मिळाला तर आदल्या दिवसाची कीर्द त्याच दिवशी पुरी होईल. ती मागणी आकड्यांनिशी असेल, म्हणून नाकारणे कठीण जाईल.

प्रश्न : अंबाजोगाईत मी घरीच ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. दिवसभर मशीनवर असते, तरी महिन्याच्या शेवटी फारसे उरत नाही. घरच्यांच्या मते मी 'घरीच असते' आणि गिऱ्हाईक म्हणते शिलाई जास्त आहे. वेळेची नोंद करायची इच्छा आहे, पण एकीकडे कुकर आणि एकीकडे मशीन असताना लिहायचे कसे?

उत्तर : ताई, आपल्याला वही ठेवण्याची गरज नाही. प्रत्येक कापडाला मापाची चिठ्ठी आपण टाचतच असाल. त्याच चिठ्ठीच्या मागे त्या ब्लाउजला जेव्हा जेव्हा हात लागेल तेव्हाची वेळ आणि सोडल्याची वेळ लिहावी. येथे दोन्ही वेळा लिहाव्या लागतील, कारण मध्ये भाजी, मूल, पाहुणा असे काहीही येते आणि ते त्या ब्लाउजच्या खात्यावर पडता कामा नये. ब्लाउज गिऱ्हाइकाच्या हाती गेला की चिठ्ठी डब्यात टाकावी.

अशा पंधरा-वीस चिठ्ठ्या जमल्यावर बेरीज केलीत तर शिवण्याच्या वेळेचे फारसे आश्चर्य वाटणार नाही. आश्चर्य वाटेल ते आजूबाजूच्या वेळेचे. समजा, अस्तराच्या एका ब्लाउजला कटिंग वीस मिनिटे, मशीन एक तास आणि हुक, काज व हातशिलाई पंचवीस मिनिटे, असे एक तास पंचेचाळीस मिनिटे लागतात, आणि अस्तर, दोरा व हुक वजा जाता आपल्याला दोनशे रुपये सुटतात. तासाला एकशे चौदा रुपये झाले. पण गळा कसा हवा हे ठरवण्यात आणि माप घेण्यात वीस मिनिटे गेली होती, आणि 'दंडात थोडे सैल करा' म्हणून उसवून पुन्हा शिवण्यात आणखी वीस. तीही धरली की तासाचे त्र्याऐंशी रुपयेच उरतात. मग शिलाई सरसकट वाढवावी, की दुरुस्तीचे वेगळे घ्यावे, की माप घेतानाच नमुन्याचा ब्लाउज मागून घ्यावा, हे आपले आपण ठरवता येईल. आमचे मत तिसऱ्या पर्यायाकडे झुकते, कारण त्यात गिऱ्हाईक दुखावत नाही.

'घरीच असते' या बोलण्याला आकड्यांचे उत्तरही आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये देशभर वेळ-वापर सर्वेक्षण केले. त्यात पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशीच्या पहाटे चारपर्यंतच्या चोवीस तासांचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे भाग पाडून माणसांनी काय काय केले ते विचारले जाते. घरातल्यांसाठीची बिनपगारी घरकामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यात जाणारा वेळ २०२४ मध्ये दिवसाला सरासरी २८९ मिनिटे निघाला आणि ती कामे करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटे. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. जवळजवळ पाच तासांचे हे काम उरकून आपण मशीनवर बसता. एखादाच दिवस, फार तर दोन दिवस, या सर्वेक्षणाप्रमाणे पहाटेपासून अर्ध्या-अर्ध्या तासाने सगळे लिहून काढावे आणि तो कागद स्वयंपाकघरात सर्वांना दिसेल असा लावावा. रोज हे करू नये. त्या लिहिण्यालाच एक माणूस लागेल.

प्रश्न : मी नांदेडला पीएच.डी. करतो आणि तासिका तत्त्वावर दोन महाविद्यालयांत शिकवतो. दर रविवारी आठवड्याचे वेळापत्रक आखतो आणि मंगळवारपर्यंत ते कोलमडते. वेळापत्रक ठेवावे की नोंद?

उत्तर : दोन्ही, पण एकाच पानावर. डाव्या बाजूला आपला अंदाज लिहावा ('प्रकरण दुसरे, संदर्भ तपासणे, दोन तास') आणि उजव्या बाजूला प्रत्यक्ष लागलेला वेळ. अंदाज चुकतो याचे वाईट वाटून घेऊ नये, तो चुकण्याचे प्रमाण शोधावे. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना आपला प्रबंध केव्हा पुरा होईल ते विचारले होते. त्यांचा सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता, प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवसांहून अधिक लागले, आणि सांगितलेल्या वेळेत काम पुरे करणारे साधारण तीस टक्केच निघाले. मागच्या वेळीही असेच झाले होते हे माणसाला आठवते, पण या वेळी तसे होणार नाही असे वाटत राहते. महिनाभराच्या उजव्या बाजूने आपले प्रमाण दीडपट आहे की दुप्पट, ते कळेल; मग डाव्या बाजूच्या आकड्याला त्याने गुणूनच मार्गदर्शकांना तारीख द्यावी.

आणखी एक. तासिकेचे मानधन वर्गात उभे राहिल्याचे मिळते. त्यासाठीचे वाचन, एसटीचा प्रवास, दोन महाविद्यालयांच्या मधला रिकामा तास आणि उत्तरपत्रिका यांचे वेगळे खाते ठेवावे. पुढच्या वर्षी दुसरे महाविद्यालय घ्यावे की नाही, हे त्या खात्यावरूनच ठरवणे बरे.

प्रश्न : वाळूजला माझे लहान वर्कशॉप आहे, जॉबवर्कचे टर्निंग करतो. कामगारांकडून रोज अशी नोंद भरून घ्यावी का?

उत्तर : नाही. दुसऱ्याच्या आज्ञेवरून भरलेली नोंद खरी नसते आणि ती मागणारा मनातून उतरतो. अमेरिकेत वॉटरटाउन येथील सरकारी शस्त्रागारात १९११ साली अभियंते फ्रेडरिक टेलर यांच्या पद्धतीने स्टॉपवॉच लावून कामाची मोजणी सुरू होताच ओतकाम करणारे कामगार काम सोडून बाहेर पडले. प्रकरण काँग्रेसच्या, म्हणजे तेथील संसदेच्या, चौकशीपर्यंत गेले आणि १९१५ मध्ये सरकारी शस्त्रागारांत अशा मोजणीवर पैसा खर्च करण्यास बंदी घालण्यात आली, ती १९४९ पर्यंत टिकली. माणसाला घड्याळ लावण्याऐवजी आपण मशीनची नोंद ठेवावी. जॉबकार्डावर मशीन थांबल्याची वेळ, सुरू झाल्याची वेळ आणि कारण : सेटिंग, टूल बदलणे, मटेरियलची वाट, तपासणीची वाट, वीज. हे लिहिण्यात कामगाराचाही फायदा आहे, कारण मटेरियल उशिरा आले हे त्याला आरडाओरडा न करता दाखवता येते. शिवाय मशीन बहुधा मालकाच्या निर्णयाची वाट पाहत थांबते, असे आढळण्याची तयारी ठेवावी. स्वतःच्या वेळेची नोंद त्याच आठवड्यात सुरू केलीत तर कामगारांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

प्रश्न : वसमतजवळ आमची हळद आहे. आखाड्यावर घड्याळ पाहून लिहिणे जमणार नाही. आमच्यासाठी काही आहे का?

उत्तर : शेतीला मिनिटांची नोंद नकोच, अर्धा दिवस हे माप पुरते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तारखेच्या चौकोनाचे आडवे दोन भाग करावेत, वर सकाळ आणि खाली दुपार. त्यात काम आणि माणसे लिहावीत : 'काढणी, ६ बाया', 'शिजवणे, सालगडी व मी'. रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला गेलात तर चौकोनाच्या कोपऱ्यात एक ठळक टिंब करावे, कारण त्या रात्रीचा रोज कोणी धरत नाही आणि दुसऱ्या दिवसाची सकाळही त्यात जाते. हळद पॉलिश होऊन विकली गेली की काढणीपासूनचे चौकोन मोजावेत. दरावरून घासाघीस करताना खत आणि बेण्याचा खर्च सगळ्यांच्या तोंडपाठ असतो, स्वतःचे दिवस कोणाच्याच नसतात.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यात शिक्षिका आहे. टाचण, हजेरी, ऑनलाईन माहिती हे सगळे लिहितोच. त्यात ही आणखी एक वही कायमची लावून घ्यायची का?

उत्तर : कायमची नको. ड्रकर यांनी कमीत कमी म्हणून सांगितलेले प्रमाण आम्हाला योग्य वाटते : वर्षातून दोनदा, प्रत्येक वेळी सलग तीन-चार आठवडे. आठवडे मात्र जाणून निवडावेत. शाळेत एक खेप परीक्षेच्या धामधुमीत घ्यावी आणि दुसरी एखाद्या साध्या महिन्यात. मोंढ्यात एक दसरा-दिवाळीच्या आवकेत आणि दुसरी उन्हाळ्याच्या मंदीत. फक्त गर्दीचे दिवस नोंदले तर सगळ्याच कामाला माणसे कमी आहेत असे वाटते, आणि फक्त रिकामे नोंदले तर आपणच आळशी आहोत असे.

आयुष्यभर नोंद ठेवणारी माणसेही होऊन गेली. अलेक्झांडर ल्युबिश्चेव हे रशियन कीटकशास्त्रज्ञ १९१६ पासून १९७२ मध्ये मृत्यू येईपर्यंत रोजचा वेळ लिहीत राहिले, अगदी पाच-पाच मिनिटांचा, आणि महिन्याची व वर्षाची बेरीज करत राहिले. संशोधनाचे निव्वळ तास ते वेगळे काढत आणि त्यावरून पुढच्या वर्षी किती काम हाती घ्यायचे ते ठरवत. त्यांना ते शोभले. शाळा सुटल्यावर घर गाठणाऱ्या बाईंनी तसे करावे, असे आम्ही म्हणणार नाही.

आपल्या वहीत तिसरा रकाना थोडा बदलावा. 'कोणामुळे' ऐवजी 'वर्गासाठी' की 'कागदासाठी' एवढेच एका अक्षराने लिहावे, 'व' किंवा 'क'. पर्यवेक्षक ही वही मागू शकतील अशी भीती पत्रात व्यक्त झाली आहे; ती शाळेचे दप्तर नव्हे, आपली आहे, म्हणून ती पर्समध्ये ठेवावी, कपाटात नव्हे. आणि मध्येच एखादा दिवस लिहायचा राहिला तर तो रिकामाच सोडावा. दोन दिवसांनी आठवून भरलेले पान बेरजेत धरू नये.